माणसाला काय हवे?

मंडळी, पोटाला भाकर मिळाली की माणसाचे भागले, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटे.

अमेरिकेत अब्राहम मॅस्लो नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९४३ साली त्यांनी माणसाच्या पाच गरजा सांगितल्या. पहिली अन्नपाण्याची. दुसरी सुरक्षिततेची. तिसरी मायेची. चौथी मानाची. पाचवी, अंगातला गुण फुलवण्याची. एक गरज बरीचशी भागली, की पुढची जागी होते. पण हा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, हेही त्यांनीच सांगितले.

आमच्या शेतावर एक गडी होता. मजुरी वेळेवर देत होतो. तरी तो काम सोडून निघाला. कारण विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, पैका मिळाला. पण धा वर्सांत 'काम चांगलं झालं' असं एकदा तरी म्हनलात का?"

आम्ही खाली पाहिले. शाळेत पोरांची पाठ थोपटणारे आम्ही, घरच्या गड्याला विसरलो!

म्हणून सांगतो, मजुरी पुरी द्या. नुसत्या गोड शब्दाने पोट भरत नाही. पण मजुरीबरोबर मानही द्या. दिवसभर राबून तुम्ही रात्री हे पुस्तक घेऊन बसता, ते काय फक्त भाकरीसाठी?