बरे झालेल्या परिचारिकेचा हक्क

(रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



परिचर्येच्या व्यवसायात येऊ पाहणारी एखादी तरुणी पूर्वी मानसिक आजारातून गेलेली असेल, किंवा एखादा तरुण व्यसनातून बाहेर पडून या कामाकडे वळत असेल, तर त्यांना दार उघडावे की नाही, हा या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता हा थोड्या व्यक्तींचा खासगी प्रश्न वाटतो. वस्तुतः श्रमिकांचा हक्क आणि रुग्णांची सुरक्षितता हे दोन्ही त्यात गुंतलेले आहेत. २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. परिचारिका याच समाजातून येतात. गणवेश चढविल्याने माणसाचे मन निराळे होत नाही.

प्रवेशाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मॉर्फीन, पेथिडीन, फेंटानिल यांच्या कपाटाची किल्ली परिचारिकेच्या हाती असते. रात्रपाळीत सबंध वॉर्डाची जबाबदारी तिच्यावर असते आणि चुकलेल्या मात्रेची किंमत रुग्णाला मोजावी लागते. त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येणार नाही. विचारायचे ते एवढेच की, जुन्या आजाराचा शिक्का मारून सरसकट दार बंद केल्याने ती दूर होते काय?

ब्रिटनने या प्रश्नाचा अनुभव घेतलेला आहे. १९९१ साली ग्रँथम येथील रुग्णालयाच्या बालविभागात बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेने चार बालकांचे प्राण घेतले. १९९३ मध्ये तिला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यानंतर नेमलेल्या क्लोदियर समितीने १९९४ च्या अहवालात अशी सूचना केली की, स्वतःला इजा करून घेणाऱ्या, वारंवार आजारपणाची रजा घेणाऱ्या किंवा समुपदेशनाचा अतिरेकी आधार घेणाऱ्या उमेदवारांना, दोन वर्षे आधाराविना राहून दाखविल्याखेरीज, या व्यवसायात घेऊ नये. एका खुनी स्त्रीच्या अपराधाचे ओझे अशा रीतीने उपचार घेणाऱ्या हजारो निरपराध उमेदवारांच्या माथी आले. पुढे २००७ साली तेथील अपंग हक्क आयोगाने शिक्षक, परिचारिका व समाजसेवक यांच्यासाठी असलेल्या आरोग्यविषयक अटींची चौकशी केली. या अटींमुळे माणसे आपला आजार लपवितात आणि जनतेला त्यातून खोटा दिलासा तेवढा मिळतो, असा निष्कर्ष काढून आयोगाने त्या अटी रद्द करण्याची शिफारस केली.

या अनुभवाचा अर्थ उघड आहे. आजार सांगितला तर भाकरी जाते हे ठाऊक असलेली परिचारिका आजार सांगत नाही. ती डॉक्टरकडे जाण्याचे टाळते, गोळ्या चोरून घेते किंवा अजिबात घेत नाही, आणि तशाच अवस्थेत वॉर्डात उभी राहते. उघडपणे उपचार घेणाऱ्या परिचारिकेपेक्षा अशी लपविणारी परिचारिका रुग्णाला अधिक धोक्याची असते. म्हणजे ज्या रुग्णाच्या नावाने बंदीचा आग्रह धरला जातो, त्याचेच अहित त्या बंदीतून होते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्येच निराळा मार्ग धरला. व्यसनात सापडलेल्या परिचारिकेचा परवाना तडकाफडकी रद्द करण्याऐवजी तिला उपचार घ्यावयास लावावयाचे आणि देखरेखीखाली कामावर परत आणावयाचे, अशी योजना तेथे सुरू झाली. पुढे इतर अनेक राज्यांनीही अशा योजना आखल्या. अचानक होणाऱ्या तपासण्या आणि काही काळ मादक औषधांच्या कपाटापासून दूर राहणे, अशा अटी त्यांत असतात. रुग्णाचे रक्षण आणि परिचारिकेचे पुनर्वसन एकाच वेळी साधते ते असे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने आलेला आहे. १९१२ चा ‘वेड्यांचा कायदा’ जाऊन १९८७ चा आला आणि तोही मागे पडून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. पूर्वी घेतलेले उपचार वा रुग्णालयातील वास्तव्य एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरविता येत नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही या कायद्याने मानसिक आजारात समावेश केला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकरीतील भेदभावाला मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरू शकतो, असा निर्णय दिला. शस्त्रधारी दलाला लागू होणारे हे तत्त्व रुग्णालयाला परके कसे असेल?

महाराष्ट्राला तर याचा घरचाच दाखला आहे. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांना हात देत आली आहेत. दुःख भोगलेल्या माणसाचा अनुभव हे सेवेचे भांडवल होऊ शकते, हे त्या कामाने दाखवून दिले.

मात्र केवळ सहानुभूतीने हा प्रश्न सुटणार नाही. परिचारिकांना आजारी पाडणारी परिस्थितीही पाहिली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जाऊन खाटा आणि परिचारिका मोजल्या, म्हणजे हा निकष कितपत पाळला जातो हे कळते. रिकाम्या जागा, कंत्राटी नेमणुका, लागोपाठच्या रात्रपाळ्या यांनी माणूस खचला, की त्यालाच दुबळा ठरवून घरी पाठवावयाचे, ही व्यवस्था न्याय्य नव्हे.

म्हणून संघटनांनी चार मागण्या धरून बसले पाहिजे. प्रवेशाच्या व नेमणुकीच्या वेळी जुन्या आजाराची चौकशी न करता आज काम करण्याची क्षमता आहे की नाही, एवढेच पाहावे. उपचारांची माहिती गुप्त राहावी आणि त्यासाठी पगारी रजा मिळावी. व्यसनातून परतलेल्यांसाठी राज्य परिचर्या परिषदेने देखरेखीची, ठराविक मुदतीची योजना आखावी. आणि रिक्त जागा कायम स्वरूपात भराव्यात.

या मागण्यांसोबत संघटनेवर एक कर्तव्यही येते. सहकारी परिचारिका नशेत कामावर आली, तर मैत्रीपोटी ते झाकून ठेवणे हा रुग्णद्रोह होय. तिला त्या क्षणी रुग्णापासून दूर करावे, उपचारांपर्यंत सोबत करावी, आणि ती बरी होऊन परत येईल तेव्हा तिची जागा शाबूत असेल, यासाठी लढावे. कार्यकर्त्यांनी हे काम आपापल्या रुग्णालयातून सुरू करावे.