रस्त्याचा हक्क आणि आपला डिपर



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आलिम नाही. म्हणून आज मसले सांगणार नाही, माझी एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये गावी आलो होतो. बाईकला नवा, झगझगीत पांढरा एलईडी बल्ब बसवला होता. तरावीहनंतर अपर लावूनच निघालो. समोरून शेजारचे चाचा चालत येत होते. उजेड डोळ्यांवर आला, त्यांना कडेचं गटार दिसलं नाही आणि ते पडले. मनगट मोडलं. "उजेड फार होता रे बेटा," एवढंच म्हणाले. ईदला गळाभेट घेतली तेव्हा त्यांच्या हाताला प्लास्टर होतं.

नंतर मी शोधत बसलो की झालं काय. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. वर जाणारा प्रकाश ती अडवते. रिफ्लेक्टरही फिलामेंटच्या जागेच्या हिशेबानेच घडवलेला असतो. त्याला न जुळणारा एलईडी बसवला की प्रकाश विखुरतो, आणि डिपरवरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे माझा डिपरसुद्धा अपरच होता!

अंधारात आपली बाहुली मोठी झालेली असते. अशा डोळ्यावर झोत पडला की काही सेकंद काहीच दिसत नाही. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे 50 मीटर आंधळा प्रवास. तेवढ्या अंतरात कुणाचे तरी वालिद असतील, क्लासवरून परतणारी बहीण असेल. पांढरा कुर्ता लांबून दिसतो, काळा बुरखा दिसत नाही. त्यांना सांभाळणं गाडीवाल्याचं काम आहे.

आपण सगळ्यांनी ती हदीस ऐकली आहे, ज्यात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचे हक्क सांगितले. नजर खाली ठेवणं आणि कुणाला त्रास न देणं हे त्यांतले दोन. मला वाटतं, आपल्या गाडीलाही एक नजर असते. समोर माणूस आला की तीही खाली व्हायला हवी.

करायचं काय? समोरून गाडी, सायकल किंवा पायी माणूस आला की डिपर. पुढच्या गाडीच्या मागे असू तरी डिपर, कारण झोत तिच्या आरशातून चालकाच्या डोळ्यांत जातो. धुक्यातही डिपरच, अपरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याकडेच परततो. घाटात आंधळ्या वळणाआधी एकदा अपर-डिपर करून इशारा द्या. मागे कुणी बसलं की बाईकचा पुढचा भाग उचलला जातो आणि झोत वर जातो, म्हणून हेडलाइटचा कोन तपासून घ्या. काच पुसा. आणि उजेड पोचतो त्याच्या आत गाडी थांबेल, एवढाच वेग ठेवा.

समोरचा अपर सोडत नसेल तर? वेग कमी करा, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा. बदला म्हणून आपणही अपर मारला, तर एकाच्या जागी दोन आंधळे होतात. हा सब्रही इबादतच आहे.

मी तो बल्ब काढून कंपनीचा जुना बसवला. आज घरी जाताना तुम्हीही आपला झोत भिंतीवर टाकून पाहा.