उंबरठा
(हीरक महोत्सव समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मी मात्र आज एका न पेटलेल्या दिव्याविषयी बोलणार आहे. मी मराठीची एम. ए. विज्ञानाच्या एका प्रयोगाबाबत निर्णय देताना माझ्या हातून चूक घडली, ती आपल्यासमोर मांडणे मला कर्तव्य वाटते.

विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या दोन मुलींनी चार सेंटिमीटर लांबीरुंदीची एक पांढरी चकती आणली होती. तिच्या एका बाजूस गरम पाण्याचे भांडे आणि दुसऱ्या बाजूस थंड पाण्याचे. दोन बाजूंच्या तापमानांत फरक असला की चकतीतून वीज मिळते. हा परिणाम 1821 मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाला आढळला आणि आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. चकतीत बिस्मथ टेल्युराइडच्या 127 जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एका अंशाच्या फरकाला साधारण 0.05 व्होल्ट मिळतात. मुलींच्या चकतीवर प्रत्यक्ष फरक जेमतेम आठ अंशांचा पडत होता, म्हणून मापकावर 0.4 व्होल्ट दिसत होते. पांढऱ्या एलईडीला मात्र सुमारे 3 व्होल्ट लागतात. दिवा काही पेटेना. न पेटणारा दिवा पाहुण्यांना कसा दाखवायचा, या विचाराने मी तो प्रयोग यादीतून काढायला सांगितला. मुलींनी काही न बोलता भांडी उचलली.

आपले एक माजी विद्यार्थी त्या दिवशी नातवाला न्यायला आले होते. कारखान्याच्या फाउंड्रीतून ते निवृत्त झालेले. भट्टीचे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलांशी त्यांची सारी नोकरी गेली. मापक पाहून ते म्हणाले, "बाई, आमच्या एका थर्मोकपलला अंशामागे 41 मायक्रोव्होल्ट मिळायचे. 0.4 व्होल्ट म्हणजे श्रीमंतीच की!"

"काका, ट्रान्सफॉर्मर लावला तर?" एका मुलीने विचारले. त्यांनी समजावले, की ट्रान्सफॉर्मरला सतत बदलणारी धारा लागते आणि ही धारा तर एकाच दिशेने संथ वाहते. म्हणून ती आधी तोडायची आणि जोडायची. तारेच्या वेटोळ्यातून धारा वाहताना चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. धारा एकाएकी तोडली, की वेटोळे तीच ऊर्जा कितीतरी अधिक दाबाने बाहेर टाकते. हे सेकंदाला हजारो वेळा घडले, की डोळ्यांना दिवा स्थिर दिसतो. यात ऊर्जा वाढत नाही; दाब वाढला की धारा घटते आणि थोडी ऊर्जा वाटेतही खर्ची पडते.

खरी अडचण पुढेच होती. धारा तोडणारा ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा असेल, तर तो 0.6 व्होल्टच्या आत जागाच होत नाही. म्हणजे कमी दाब वाढवण्यासाठी बनवलेले साधन त्या कमी दाबावर सुरूच होईना! दुसऱ्या दिवशी काकांनी घरच्या जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर आणला. तो 0.2 व्होल्टच्या आसपासही काम सुरू करतो. मुलींनी फेराइटच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. तरी दिवा पेटला नाही. मग काकांनी एका वेटोळ्याची टोके उलट जोडायला सांगितली, आणि दिवा पेटला. उजेड मंद होता, पण होता.

1977 मध्ये निघालेली व्हॉयेजर याने प्लुटोनियमच्या उष्णतेपासून याच तत्त्वाने वीज मिळवतात. तिथे शेकडो जोड्या ओळीने जोडून पुरेसा दाब साधला आहे. आपल्याकडे एकच चकती होती. आज अशा कामासाठी तयार चिपही मिळतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या साथीने त्यांतल्या काही 20 मिलिव्होल्टवरही सुरू होतात. धूर कमी करणाऱ्या काही चुलींत अशीच वीज पंखा फिरवते.

त्या दिवशी चकतीत वीज नव्हती असे नाही. उंबरठा उंच होता, आणि तो मीही उंच करून ठेवला होता. रांझीतल्या आपल्या मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी. एखादे मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा आपण त्याच्यात काही नाही असे समजून यादी पुढे नेतो. यापुढे आपल्या प्रदर्शनात न चाललेले प्रयोगही मांडले जातील. ते का चालले नाहीत, हे मुले स्वतः सांगतील.

माजी विद्यार्थ्यांकडे आज मी देणगी मागत नाही. शनिवारचे दोन तास मागते. प्रयोगशाळेत येऊन बसा. तुमच्या हातांत जे कौशल्य आहे, ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

तो दिवा दालनाच्या दाराशी ठेवला आहे. पाणी निवले की तो विझतो. शेजारी थर्मास आहे. जाता-येता ज्याला दिसेल त्याने थोडे गरम पाणी ओतावे, ही विनंती.