'निगेटिव्ह' म्हणजे नक्की काय?



'तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल,' असं आयोजकांनी मला सांगितलंय. जेवणं नुकतीच झालीत, श्रीखंडाचा अंमल आहे, त्यामुळे कोडिंगवर बोलून कुणाला झोपवणार नाही. मी पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टचं सॉफ्टवेअर लिहिते. त्या रिपोर्टवरच्या एकाच शब्दाबद्दल बोलते: निगेटिव्ह.

हा शब्द आम्ही हिरव्या रंगात दाखवतो. लोक हिरवं बघतात, सुस्कारा सोडतात आणि कागद कपाटात टाकतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण नेहमी नाही.

माझ्या एका मावसभावाला एचआयव्ही आहे. त्याची परवानगी घेऊनच सांगतेय. बरीच वर्षं तो रोज गोळी घेतो, नोकरी करतो, भाचरांच्या लग्नात नाचतो. मध्यंतरी त्याचं क्रिएटिनिन वाढलं. त्याच्या गोळीत टेनोफोव्हिर आहे आणि ते काहींच्या मूत्रपिंडाला त्रास देतं. 'मग बदलून टाका ना ते औषध,' असं घरात सगळ्यांचं मत पडलं. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "हिपॅटायटिस बी आहे का?" भावाने जुना रिपोर्ट पुढे केला. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "ही एकच तपासणी आहे. दुसरी करून या."

ही दुसरी तपासणी कोणती, ते शाळेच्या भाषेत सांगते. बाई हजेरी घेतात. नाव पुकारल्यावर 'हजर' असा आवाज आला, की मुलगा वर्गात आहे. हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी, एचबीएसएजी, ही अशी हजेरी आहे. ती विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन रक्तात शोधते. पण आवाज आला नाही म्हणून मुलगा शाळेतच नाही, असं होतं का? आपल्या वर्गातले काही जण मैदानाच्या मागे कुठे असायचे, ते इथे बसलेल्यांना चांगलं माहीत आहे! बाकावर दप्तर असलं, की बाई ओळखायच्या. दुसरी तपासणी म्हणजे हे दप्तर. तिचं नाव अँटी-एचबीसी. विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने कधीकाळी तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते. दप्तर सापडलं म्हणजे मुलगा येऊन गेला, हे नक्की. तो अजून आवारात आहे का, हे त्यावरून ठरत नाही.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक प्रत ठेवून देतो. ती वर्षानुवर्षं तिथे राहू शकते. विषाणू इतका थोडा असतो, की हजेरीत सापडत नाही. कधी त्याचं आवरण बदललेलं असतं आणि तपासणी त्याला ओळखत नाही. यालाच छुपा हिपॅटायटिस बी म्हणतात. काही जणांच्या बाबतीत तर दप्तरही सापडत नाही.

एचआयव्ही असलेल्यांना याची जास्त काळजी घ्यावी लागते. दोन्ही विषाणूंचे मार्ग तेच: रक्त, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. शिवाय लपलेल्याला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्तीच एचआयव्हीमुळे कमी झालेली असते. आणि खरी गोम पुढे आहे. टेनोफोव्हिर दोन्ही विषाणूंवर काम करतं. एचआयव्हीसाठी घेतलेली गोळी हिपॅटायटिस बीलाही गप्प बसवते, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. ती गोळी बंद केली किंवा हिपॅटायटिस बीवर चालत नाही अशा औषधावर गेलं, तर तो उसळी मारू शकतो. त्यातून यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

भावाची अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आली. रक्तात विषाणूचा डीएनए सापडला नाही. आम्ही खूश झालो, तर डॉक्टर म्हणाले, "गोळी चालू असताना तो सापडणार नाहीच. त्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही." त्यांनी टेनोफोव्हिर काढून टाकलं नाही. त्याचाच मूत्रपिंडाला सौम्य असलेला प्रकार दिला. आता भावाचं यकृतही ठीक आहे आणि क्रिएटिनिनही.

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात, त्यामुळे माणसं दीर्घकाळ जगतात. दीर्घकाळ जगायचं तर यकृतही सांभाळायला हवं. म्हणून ओळखीच्या कुणाला एचआयव्ही असेल, तर एवढं जरूर सांगा: गोळी स्वतःहून बंद करू नकोस, आणि औषध बदलायची वेळ आली तर 'माझी अँटी-एचबीसी झाली आहे का?' असं डॉक्टरांना विचार.

आपल्या सगळ्यांसाठीही एक गोष्ट. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांच्या लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. आपण तेव्हा नोकरीला लागलेलो होतो! म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. तपासणी करून घ्या, आणि डॉक्टर म्हणाले तर लस घ्या. सहा महिन्यांत साधारण तीन डोस.

हे भाषण आयोजकांनी स्मरणिकेसाठी मागितलंय. तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाला उपयोगी असेल, तर मला काहीही सांगायची गरज नाही. पान सरळ कापून त्यांच्या हातात द्या. पुस्तक फाडलं म्हणून आज कुठल्याही बाई रागावणार नाहीत.