गाडीच्या दुकानातला कागद करणारा



आज आम्ही तुमच्याशी एका नोकरीविषयी बोलणार आहोत. ती चालते गाडीच्या दुकानात. त्या दुकानाला आता सगळे शोरूम म्हणतात. मोटारसायकल घ्या की ट्रॅक्टर घ्या, गाडी दाखवणारा माणूस वेगळा असतो. तो गोड बोलतो, गाडीवर बसवतो, एक फेरी मारून आणतो. सौदा ठरला की तो तुम्हांला दुसऱ्या टेबलापाशी नेतो. तिथला माणूस विक्रीचे आणि कर्जाचे कागद तयार करतो. कुणी त्याला फायनान्सवाला म्हणतात, कुणी कागदवाला म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे काम मुलीही करतात.

गाडीचा रंग सगळे बघतात. कागद कोण बघतो? पण गाडी घरी येते ती कागदावरून. हप्ते थकले तर तीच गाडी दारातून नेतात, तीही कागदावरूनच. म्हणून या टेबलावर काय चालते ते आपण समजून घेऊ.

कागदवाल्याचे पहिले काम म्हणजे नाव जुळवणे. तो आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक आणि फोटो मागतो. ट्रॅक्टर असेल तर सातबारा आणि आठ-अ मागतो. आता पहा, घरी नाव बाळू, आधारवर बाळासाहेब आणि पासबुकात बाळकृष्ण. माणूस एकच, पण कागदाला तीन माणसे दिसतात. मग कर्ज अडते. चांगला कागदवाला हे आधीच पाहतो आणि सांगतो, "दादा, हे नाव अगोदर दुरुस्त करून आणा." त्याचा राग मानू नका. तो तुमचेच हेलपाटे वाचवत असतो.

दुसरे काम गाडीची ओळख उतरून घेण्याचे. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर कोरलेला असतो. त्याला चेसिस नंबर म्हणतात. त्यात अक्षरे आणि आकडे मिळून 17 खुणा असतात. इंजिनचा नंबर वेगळा. कागदवाला कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो. मग तोच नंबर बिलावर, विम्यावर आणि नोंदणीच्या अर्जावर लिहितो. एक आकडा चुकला, तर विमा एका गाडीचा आणि रस्त्यावर गाडी दुसरी, असे होते. पुढे अपघात झाला तर विम्याचे पैसे अडून बसतात. तुम्हांला आता आकडे वाचता येतात. तेव्हा बिल हातात घ्या, गाडीजवळ जा आणि एकेक खूण ताडून पहा. फार तर पाच मिनिटे लागतील.

तिसरे काम नोंदणीचे. मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज नमुना 20 वर करतात. विक्रीचा दाखला नमुना 21 वर असतो. गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे, असा कारखान्याचा दाखला नमुना 22 वर असतो. कर्जावर गाडी घेतली तर कर्ज देणाऱ्याचे नाव गाडीच्या नोंदणीवर चढते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसाच हा गाडीवरचा बोजा.

हा बोजा आपोआप उतरतो असे समजू नका. शेवटचा हप्ता भरला की कर्ज देणाऱ्याकडून 'आमचे काही येणे नाही' असा दाखला मागा. त्याला एनओसी म्हणतात. तो दाखला आणि नमुना 35 चा अर्ज आरटीओकडे गेला पाहिजे. पुष्कळ लोक हप्ते फेडतात आणि इथेच थांबतात. चार वर्षांनी गाडी विकायला काढतात, तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, "अहो, हिच्यावर तर अजून बोजा आहे!"

चौथे काम विम्याचे. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तिसऱ्या माणसाचा विमा घ्यावाच लागतो. तिसरा माणूस म्हणजे आपल्या गाडीने ज्याला इजा झाली तो. पण आपली गाडी चोरीला गेली किंवा मोडली, तर त्याचे पैसे या विम्यातून मिळत नाहीत. त्याचा विमा वेगळा असतो आणि तो बहुधा एकच वर्षाचा असतो. म्हणून कागदवाल्याला विचारा, "माझ्या गाडीचा स्वतःचा विमा कोणत्या तारखेला संपतो?" ती तारीख घरी भिंतीवर लिहून ठेवा.

आता पाचवे काम, कर्जाचे. इथे नीट ध्यान द्या.

समजा, तुम्ही 80,000 रुपये कर्ज घेतले, 3 वर्षांसाठी. टेबलावरचा माणूस म्हणाला, "व्याज फक्त 10 टक्के." ऐकायला बरे वाटते. पण त्याने हिशोब केला तो असा. 80,000 वर वर्षाला 8,000 व्याज. तीन वर्षांचे 24,000. एकूण 1,04,000. ते 36 हप्त्यांत वाटले, तर हप्ता सुमारे 2,889 रुपये. याला फ्लॅट व्याज म्हणतात.

यात मेख कुठे आहे? तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. दीड वर्षाने मुद्दल बरेच उतरलेले असते. तरी व्याज मात्र पूर्ण 80,000 वरच चालू राहते. उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरले, तर त्याच 10 टक्क्यांनी हप्ता सुमारे 2,581 रुपये येतो. तीन वर्षांचे व्याज 13,000 च्या आत राहते. कुठे 24,000 आणि कुठे 13,000! फ्लॅट 10 टक्के म्हणजे खरे पाहता जवळजवळ 18 टक्के होतात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ते असे.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगला नियम केला आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांना तो लागू आहे. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्जदाराला एक माहितीपत्रक द्यायचे असते. त्याला केएफएस म्हणतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. सगळा खर्च धरून वर्षाला खरे किती टक्के पडतात, हे त्यात लिहावे लागते. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर घेता येत नाही. म्हणून टेबलापाशी बसल्यावर आधी म्हणा, "साहेब, केएफएस दाखवा. मराठीत दाखवा." हे मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

यानंतर सह्या. गुढीपाडवा आणि दसरा या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाहेर हार घालून गाडी उभी. घरची मंडळी नारळ घेऊन वाट बघत असतात. आत कागदवाल्यासमोर रांग. त्यालाही महिन्याला इतक्या गाड्यांचे कागद झालेच पाहिजेत, अशी वरून ताकीद असते. तो म्हणतो, "काका, इथे, इथे आणि इथे सही करा. बाकीचं मी भरतो. मुहूर्त टळेल."

मुहूर्त टळला तर उद्या दुसरा दिवस उगवतो. कोऱ्या कागदावरची सही मात्र परत घेता येत नाही. रक्कम कोरी, तारीख कोरी, अशा कागदावर सही करू नका. कोरा चेक देऊ नका. चेक वटला नाही तर 1881 च्या कायद्याच्या 138 व्या कलमाखाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँकेतून हप्ता कापून घेण्याच्या कागदावर किती रुपये आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे वाचूनच सही करा. यावर उपाय सोपा आहे. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी जा, कागद वाचा, सह्या करा. पाडव्याला फक्त गाडी आणा.

जामीनदारालाही दोन शब्द सांगतो. "नुसती सही दे, तुला काही भरावे लागणार नाही," असे पाहुणा म्हणतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पाहुण्याचे हप्ते थकले तर तुमच्या दारात माणसे येतील. नात्यापोटी सही करायची असेल तर जरूर करा, पण रक्कम वाचून करा, आणि ती भरण्याची आपली ऐपत आहे का ते पाहून करा.

सह्या झाल्या की आपली प्रत मागा. कराराची प्रत, केएफएस, पैशांची पावती, विमा, बिल, सगळे एका पिशवीत घाला. "नंतर पाठवतो" म्हणाला तर कधी पाठवणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. पुढे कर्ज देणाऱ्याशी वाद झाला, तर आधी त्याच्याकडेच लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही. पण तिथेही कागदच लागतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, कागदवाला म्हणजे लबाडच. तसे नाही. तो पगारी माणूस आहे. तो दुकानाचे काम करतो, हे मात्र विसरू नका. तो किती वाजवी वागेल ते थोडे त्याच्यावर आणि थोडे आपल्यावर असते. समोरचा माणूस वाचतो आहे असे दिसले, की लिहिणाराही जपून लिहितो.

तुमच्यापैकी कित्येकांची मुले-मुली बारावी होऊन, संगणक शिकून याच टेबलामागे बसतील. नोकरी चांगली आहे, सावलीतली आहे. त्यांना एवढेच सांगा. समोर आलेल्या माणसाने अंगठा उठवला तरी त्याला आकडा मोठ्याने वाचून दाखव. हप्ता किती, किती महिने, एकूण किती, हे तिन्ही सांग. आपल्या आजोबांना कोणी असे सांगितले असते, तर सावकाराच्या वहीत किती जमिनी गेल्या नसत्या!

तुम्ही रात्रीचे कष्ट घेऊन अक्षरे शिकलात. पाटीवर सही गिरवलीत. पण सही करता येणे ही अर्धी विद्या झाली. काय लिहिले आहे ते वाचून मग सही करणे, ही पुरी विद्या. वाचून पटले नाही तर "आज सही करत नाही" असे म्हणा आणि खुशाल उठून या.

आमचे बोलणे संपले. आता कुणाच्या घरी गाडीचा, विम्याचा किंवा कर्जाचा कागद असेल, तर तो उद्याच्या वर्गाला घेऊन या. आपण सगळे मिळून तो वाचू.