सांगणारे आणि लिहिणारे

(कुम्हारीतल्या एका बुद्ध विहारात वस्तीच्या साहित्य मेळाव्यात, लेखन कार्यशाळेच्या आधी केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

 

आयोजकांनी मला ‘साहित्याचं महत्त्व’ असा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते, दादांनी राग मानू नये. तुम्ही रविवारची सकाळ सोडून इथे आलात, म्हणजे महत्त्व तुम्हाला कळलेलं आहे. काल संध्याकाळी लेखकांचं वाचन झालं, तेही चांगलं झालं. आता थोड्या वेळाने तुमच्या हातात कोरा कागद येईल. त्याआधी एका अडचणीबद्दल बोलायचं आहे. ती माझीही अडचण आहे.

माझी आजी भंडारा जिल्ह्यातून इकडे आली. आजोबा भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर कुली, ती रेजा. ती नव्वदीला टेकली आहे. ती कधी साल सांगत नाही. म्हणते, “भट्टी पेटली तवा तुह्या मोठा बाप अंगावर पेत होता.” मी समाजशास्त्रात पीएचडी करते, विदर्भातून भिलाईला आलेल्या मजुरांवर. मी नोंद केली: स्थलांतर, 1959 पूर्वी. बरोबरच आहे ते. भिलाईची पहिली धमनभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पण आजीने सांगितलेल्या वाक्यात एक बाळंतीण होती, अंगावर पिणारं लेकरू होतं. माझ्या नोंदीत एक आकडा उरला. माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात ती ‘प्रतिसादक क्रमांक 7’ आहे. संशोधनाच्या नियमाने नाव लपवावं लागतं. त्या नियमामागे चांगलं कारण आहे, मी तो मोडणारही नाही. पण ज्या दिवशी मी ते टाइप केलं, त्या दिवशी घरी जेवताना मला तिच्याकडे बघवेना.

आता आपल्या सगळ्यांची अडचण. इथे पुढे ज्या आज्या, आया, बाबा बसलेत, त्यांना सांगता येतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नाही. मागे तुम्ही बसलात, बी.ए., बी.एस्सी., नर्सिंग, आयटीआय करून पुढे बाहेरून एम.ए. करणारे. तुम्हाला लिहिता येतं. पण तुम्ही हिंदीत लिहिता, मित्रांशी छत्तीसगढीत बोलता, आणि घरातली मराठी तुम्हाला समजते पण पानभर लिहा म्हटलं की पेन अडतं. ज्यांच्याकडे गोष्ट आहे त्यांच्याकडे अक्षर नाही, आणि ज्यांच्याकडे अक्षर आलं त्यांच्या हातून ती भाषा सुटत चालली आहे. दोन पिढ्या एकाच खोलीत जेवतात, पण एकीचं दुसरीच्या कागदावर उतरत नाही.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ मध्य प्रदेशात. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, कुम्हारी ही रेल्वेलाइन तीच राहिली, पण मधून रेघ गेली. चळवळीची पुस्तकं, अनियतकालिकं, जलसे, मेळावे सगळं रेघेच्या पलीकडे. इकडे आलेल्या माणसांकडे बाबासाहेबांचा फोटो होता, गाणी पाठ होती, वाचायला फारसं काही नव्हतं.

आणि कागदाची मार आपल्याला दुसरीकडूनही बसते. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधी घराणं याच मुलखात राहत होतं याचा पुरावा मागतात. कारखान्यासाठी पुढे आलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? इथल्या किती घरांनी त्यापायी तहसीलीच्या चकरा मारल्या ते हात वर करायला लावलं तर कळेल. आजीने तोंडी सांगितलेलं तिथे चालत नाही. लिहिलेलंच खरं मानतात, हे आपल्याला कुठल्याही साहित्यसंमेलनाच्या आधी तहसील कचेरीने शिकवलं.

पण आपल्या परंपरेत या अडचणीवर काम झालेलं आहे. 1855 साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. आपण तिचा उल्लेख दरवर्षी 3 जानेवारीला करतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघा. शाळेतली मुलगी आहे. तिच्या घरात तिच्याआधी कोणी लिहिलेलं नसणार. तिला कोणीतरी विषय दिला असेल, कागद दिला असेल, लिहून झाल्यावर बसून ऐकलं असेल. वर्गातलं लिखाण वर्गाबाहेर नेऊन छापायला दिलं गेलं. आणि ते तिच्या नावाने छापलं. लेखन कार्यशाळा म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसरं उदाहरण बेबीताई कांबळेंचं. फलटणला त्यांचं किराणा दुकान होतं. सामान बांधून द्यायला रद्दी यायची, ती त्या आधी वाचून काढायच्या. गिऱ्हाईक नसताना, नवरा बाहेर गेला असताना त्या लिहायच्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. जवळजवळ वीस वर्षं ते लपलेलं राहिलं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंनी ते छापावं म्हणून आग्रह धरला, तेव्हा ‘जिणं आमुचं’ बाहेर आलं. आज ते पुस्तक इंग्रजीतून जगभर शिकवतात. मला त्या वीस वर्षांचा राग येतो. फलटण काही जंगलात नाही. तिथे चळवळ होती, कार्यकर्ते होते, सभा होत होत्या. पण दुकानात बसलेल्या बाईला “तू काय लिहितेस, दाखव” म्हणणारं माणूस आपल्यातून मिळालं नाही.

तेव्हा मेळाव्याचं काम मला असं दिसतं: पहिला ऐकणारा मिळवून देणं. संमेलनाचं व्यासपीठ, हारतुरे, ठराव यांना माझा विरोध नाही. 2 मार्च 1958 ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठेंनी केलं. शाळेत दीड दिवस गेलेला, वाटेगावहून मुंबईला चालत आलेला माणूस त्या माइकसमोर उभा होता, ही घटनाच मोठी होती. 1999 ला धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं, बाबुराव बागूल अध्यक्ष होते. पुढे या संमेलनांनी घरोघरी जाऊन एक मूठ धान्य आणि एक रुपया मागितला. ज्याने मूठभर तांदूळ दिले तो मांडवात पाहुणा म्हणून बसत नाही. ही व्यासपीठं लढून मिळवलेली आहेत.

पण ‘अस्मितादर्श’चे मेळावे आठवा. गंगाधर पानतावणे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकवायचे आणि ‘अस्मितादर्श’ चालवायचे. त्यांनी जे मेळावे भरवले त्यांचं नाव होतं लेखक-वाचक मेळावा. नावातच वाचक आहे. आज देशात साहित्य महोत्सवांचा पूर आला आहे. तिथे वाचक तिकीट किंवा पास घेऊन खुर्चीवर बसतो आणि शेवटी सही घेतो. मी एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात स्वयंसेवक होते. दलित साहित्याचं सत्र सर्वांत लहान दालनात, सकाळी नाश्त्याच्या वेळेला. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून एका बाईंनी मला विचारलं, “मग तुम्हाला हेच सत्र दिलंय का?” मी “हो” म्हटलं. खरं तर मला पार्किंग दिलं होतं.

आता हसू नका, आपल्याकडेही बघू. काल इथे वाचन चालू होतं तेव्हा मागच्या शेडमध्ये कोण होतं? अकरा बाया आणि दोन मोठी पातेली. मंचावर सात जण, त्यात बाई एक. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं, तेव्हा त्या आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या बायांकडे जाऊन बसल्या, त्यांना बोलतं केलं. पुस्तक 1989 ला आलं. म्हणजे 1989 पर्यंत त्या बायांना कोणी नीट विचारलं नव्हतं. कालच्या शेडमध्ये बसलेल्यांना आपण कधी विचारणार?

भाषेचं बोलते, कारण काल दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं की लिहायचं कोणत्या भाषेत. एकजण म्हणाला, “ताई, माझी मराठी अशुद्ध आहे, मी ‘पानी’ म्हणतो.” अरे, भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीत ‘ण’ नाहीच. तुझी आजी ‘पानी’ म्हणते ते हिंदीमुळे नाही, ती तिची मराठी आहे. पुण्याला ज्या अक्षरावरून माणूस ओळखतात ते अक्षर तिच्या तोंडात कधी नव्हतंच. झाडीबोलीची स्वतःची साहित्य संमेलनं भरतात. तेव्हा शुद्धलेखन नंतर बघू. तोंडात आहे तसं लिहा.

हिंदीत लिहावंसं वाटलं तर हिंदीत लिहा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. इथून तासा-दीड तासावर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घर मराठी, पण ते हिंदीत लिहीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपूरकडे मराठीत लिहीत. दोघेही आपापल्या भाषेत मोठे झाले. त्यांच्या घरात पुस्तकं होती, जात वरची होती, हा फरक मी विसरत नाही. त्यांना भाषा निवडता आली. आपल्याला निवडायच्या आधी दोन्ही भाषांनी दारात उभं केलं. म्हणून मी म्हणते, एकाच पानावर दोन्ही आल्या तरी चालतील. आजी बोलेल ते तिच्या बोलीत, तुम्ही मधे लिहाल ते तुमच्या हिंदीत. छापणाऱ्यांची पंचाईत होईल. होऊ द्या.

सतनामी मित्रांसाठी एक गोष्ट, ती सगळ्यांच्याच कामाची आहे. 1974 ला हबीब तनवीर भिलाईत नाटकाची कार्यशाळा घेत होते. एका चोराची लोककथा घेऊन नाटक अर्धंमुर्धं बसलं होतं. ते त्यांनी मोकळ्या मैदानात, सतनामी समाजाच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांसमोर करून दाखवलं. त्यातून पुढे ‘चरणदास चोर’ झालं. त्यात पंथी नृत्य आलं, देवदास बंजारेंसारखे कलावंत आले, आणि 1982 ला एडिंबरामध्ये त्याला बक्षीस मिळालं. 2009 ला सतनामी समाजातून हरकत आली म्हणून छत्तीसगढ सरकारने त्याच पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकांवर बंदी घालणं मला मान्य नाही. पण बंदी चूक म्हणून हरकतच खोटी, असं मी म्हणणार नाही. गुरू घासीदासांचा पंथ, जैतखांब, पंथी यांच्याबद्दल छापून आलेलं बरंचसं बाहेरच्यांनी लिहिलं. इंग्रज अधिकाऱ्यांपासून माझ्यासारख्या संशोधकांपर्यंत. तुमच्याबद्दलचं एखादं वाक्य तुम्हाला टोचलं, तर त्याच्या शेजारी ठेवायला तुमचं स्वतःचं पुस्तक हवं. ते नसलं की हातात हरकतीचा अर्ज तेवढा राहतो.

तर आज कसं करायचं ते सांगते. कार्यशाळेत मी कविता कशी लिहावी हे शिकवणार नाही, मला येत नाही. प्रत्येक शिकलेल्याने एका सांगणाऱ्याजवळ बसायचं. शक्यतो स्वतःच्या घरच्या नको. घरचं माणूस आपण अर्धवट ऐकतो, “हे माहीत आहे” म्हणून. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून करा. एक प्रसंग घ्या, अख्खं आयुष्य नको. पहिल्यांदा रेल्वेत बसले तो दिवस, क्वार्टर मिळालं तो दिवस, ठेकेदाराने हजेरी कापली तो दिवस. साल विचारू नका. तेव्हा कोण पोटात होतं, कोण वारलं होतं, पाऊस होता की नव्हता, हे विचारा.

जेवणानंतर लिहा. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, लिहिलेलं त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. यावर मी अडून बसणार आहे. त्यांनी “असं नव्हतं” म्हटलं तर दुरुस्त करायचं. “हे लिहू नको” म्हटलं तर खोडायचं, कितीही चांगलं वाक्य असलं तरी. आणि वर नाव कोणाचं, सांगणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं की दोघांचं, हे त्यांना विचारून ठरवायचं. गेल्या महिन्यात मी आजीला माझं प्रकरण मराठीत करून वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “हे बाई कोन व्हय? लय दुखी हाय.” मी म्हटलं, तूच. ती म्हणाली, “मी तं हासत बी होतो.” ते प्रकरण मी आता पुन्हा लिहिते आहे. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही.

कागद मागच्या टेबलावर आहेत, पॅडही आहेत. दुपारचा स्वयंपाक आज पदवीधर मुलांकडे आहे, नावं फळ्यावर लिहिलेली आहेत. शेडमधल्या बायांना इथे पुढे बसायला जागा करा. आधी त्यांना चहा द्या, मग विचारायला सुरुवात करा.

जय भीम.