एकाच धातूच्या दोन वाटा

मार्च १९४४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या डॉ. होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीस एक पत्र लिहिले. अणूपासून वीज निघू लागेल तेव्हा भारतास तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्याचा आशय होता. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होते. त्या पत्रातून निघालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळुरातच सुरू झाली व त्याच वर्षी मुंबईस गेली.

वीज आणि अस्त्र यांची गाठ प्लुटोनियम या धातूत पडते. निसर्गातील युरेनियमपैकी ज्वलनशील म्हणावा असा भाग शेकडा एकाहूनही कमी. उरलेला भाग भट्टीत न्यूट्रॉन गिळतो आणि काही दिवसांत त्याचे प्लुटोनियम-२३९ होते. इंधन भट्टीत फार काळ राहिले, तर त्यातील काही प्लुटोनियम आणखी एक न्यूट्रॉन घेऊन २४० बनते. हे २४० आपोआप भंग पावत असल्याने अस्त्रकारास ते नकोसे असते. म्हणून तो इंधन लवकर बाहेर काढतो. वीज करणारा मात्र ते शक्य तितके वापरून घेतो. दोघांत अंतर पडते ते मुख्यतः तारखेचे, आणि ती तारीख माणूस ठरवतो.

तुर्भे येथे कॅनडाच्या साह्याने उभारलेली सायरस भट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले. होमी सेठना यांच्या देखरेखीखाली बांधलेला प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना १९६४ मध्ये तयार झाला. सायरसचा वापर शांततेसाठीच व्हावा, असे करारात होते. पण शांततेसाठी केलेला स्फोट त्यात बसतो की नाही, हे कोणी स्पष्ट लिहून ठेवले नव्हते. एवढ्या मोठ्या गोष्टीत ही ढिलाई आश्चर्याचीच. १८ मे १९७४ रोजी पोखरणला सायरसमधील प्लुटोनियम वापरले गेले. त्या प्रयोगाचे एक प्रमुख सूत्रधार डॉ. राजा रामण्णा हे बंगळुरात शिकलेले. भारताने स्फोटास शांततामय म्हटले. कॅनडाने सहकार्य थांबविले. सायरस २०१० अखेर बंद झाली.

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीचे इंधन प्लुटोनियमच. ते वीजभट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनातून काढावे लागते. थोरियमचा मार्ग याच टप्प्यातून जातो, म्हणून ती भट्टी नागरी गरजेची आहे. तरीही २००६ मध्ये नागरी व लष्करी विभागणी झाली, तेव्हा भारताने तिला आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवले.